पिवळीला गिऱ्हाईक

तीन वर्षांत पिवळीला पाहायला आठ जण आले होते, आणि आठही जण पोहे खाऊन गेले होते. एकानं बायकोला गाडीशेजारी उभं करून फोटो काढले आणि ‘कळवतो’ म्हणाला. वणीच्या एका ठेकेदारानं गाडीच्या बदल्यात दोन ट्रॅक्टर आणि एक प्लॉट देऊ केला. प्लॉट पाहायला गेले तर त्यातून नाला वाहत होता. हैदराबादेहून आलेल्यानं तर सीटवर बसायच्या आधी शेगाव किती किलोमीटर आहे ते विचारलं, कारण त्याला खरं दर्शनालाच जायचं होतं. सत्यभामाबाईंनी तेव्हापासून पोह्यांत शेंगदाणे घालणं सोडून दिलं होतं.

आज नववा येणार होता. रविवार होता, जानेवारी अर्धा सरला होता, आणि मारेगावच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारात या दिवसांत कापसाच्या गाड्यांची जी रांग लागते ती लागलेली नव्हती. गुलाबी अळीनं या वर्षी बोंडं आतून खाल्ली होती. दोनच वेचण्यांत कापसाच्या पराट्या उपटून लोकांनी वावरं मोकळी केली. सत्यभामाबाईंच्या थोरल्याची, संघदीपची जिनिंग हंगामात जेमतेम चाळीस दिवस चालली, आणि बावीस माणसं आवारात झाडाखाली बसून वीज आली तरी आणि गेली तरी सारख्याच चेहऱ्यानं पाहत होती.

सत्यभामाबाईंचे यजमान भीमराज सकाळी सहापासून शेडमध्ये होते. त्यांनी गाडीचं इंजिन तापवलं, बंद केलं, पुन्हा तापवलं, मऊ फडक्यानं काचा पुसल्या, आणि सत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसून चारही चाकांच्या कडा घासल्या. हातात जुनी बनियन आणि डोक्याला मफलर. हा माणूस एसटीच्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण गाडीसमोर उभा राहिला की अजून ड्यूटीवरच असायचा.

“पोरगी दाखवाची असल्यासारखी सजवून राह्यला भीमा,” मथुराबाई चुलीजवळून म्हणाल्या. भीमराजांची ही थोरली बहीण कालच पुसदहून आली होती, कोणी बोलावलं नसताना. “आन् मले विचारशील तं द्याचीच कायले? आपल्या घरी अशी एकच वस्तू हाये का जिच्यासाठी तहसीलदारानं जीप थांबवली.”

“आत्या, तहसीलदारानं थांबवली कारण दादानं रस्त्याच्या मधात लावली होती,” पायल म्हणाली. सत्यभामाबाईंची ही धाकटी यवतमाळला सरकारी कचेरीत अधिकारी होती आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती. “विका एकदाची. जेवढे येतीन तेवढे घ्या. मी तं घेतली तेव्हाच म्हणलं होतं.”

ते मात्र खरं. घेतली तेव्हा एकटी पायलच बोलली होती. दोन हजार अकरा सालची गोष्ट. त्या वर्षी कापसाला सात हजारांचा भाव आणि संघदीपच्या डोक्यात हवा, दोन्ही एकदमच चढले. एका हंगामात जिनिंगनं जे दिलं ते पुढच्या पाच हंगामांत दिलं नाही. त्या पैशातून त्यानं हैदराबादच्या एका बिल्डरची इटलीत बनलेली, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी पिवळी गाडी सव्वा कोटीला आणली. इंजिन मागं आणि डिक्की पुढं. ती आवारात उतरली त्या दिवशी सत्यभामाबाईंनी तोंडावर पोराला मूर्ख म्हटलं होतं, आणि मग बाजारात शेजारणींना स्वतःहून सांगत सुटल्या होत्या. खोटं कशाला बोला, छाती फुगली होती. त्यांचे सासरे डोमाजी यवतमाळच्या जिनात रुईच्या गठाणी वाहायचे, आणि मुकादम त्यांना नावानं कधी हाक मारत नसे. त्या माणसाच्या नातवाच्या दारात असली गाडी उभी राहिली तर आनंद व्हायचाच.

आता पोराला ती विकायची होती, आणि त्यामागचं कारण आईला पटलं होतं. सरकीच्या तेलाची घाणी जिनिंगला जोडायची. कापूस कमी आला तरी बाहेरून सरकी आणून घाणी बारा महिने चालेल आणि झाडाखालची बावीस माणसं कामावर राहतील. नवी घाणी साठ लाखांची. घरात ते पैसे फक्त एकाच जागी होते, शेडमध्ये, चार चाकांवर.

साडेदहाला पियूष आला. नागपूरला महागड्या जुन्या गाड्यांचा त्याचा धंदा, वय तिशीचं, पायांत पांढरे बूट. सोबत मोठी सपाट ट्रॉली घेऊन आला, म्हणजे हा पोहे खायला आलेला नव्हता. सत्यभामाबाईंनी बशीत शेंगदाणे घातले.

त्याला गाडी आवडली हे लपलं नाही. त्यानं पत्र्यावर एक छोटं यंत्र टेकवत सगळीकडं रंग तपासला, डॅशबोर्डखाली तार जोडून मोबाइलवर काहीतरी वाचलं, मग इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटून ऐकत बसला. भीमराज त्याच्याकडं पाहत होते, आणि सत्यभामाबाई भीमराजांकडं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं तेज त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं.

“काकाजी, मस्त आवाज आहे,” पियूष म्हणाला. “मी आजवर अशा अकरा गाड्या विकल्या. इतकं शांत चालणारं इंजिन एकाचंबी नव्हतं. सर्व्हिस कुठी केली? मुंबईले?”

“एकदा पाठवलती मुंबईले,” भीमराज म्हणाले. “जाऊन-येऊन ट्रकचं भाडंच लाखावर गेलं. मंग म्या म्हणलं, हजार गाड्या हाताखालून गेल्या, ही कोण लागून गेली?”

“म्हणजे?”

“म्हणजे घरीच. सगळं घरीच.”

पियूषनं संघदीपकडं पाहिलं. संघदीप किल्लीच्या पट्ट्याशी चाळा करत होता. “क्लच बदललेला दिसून राह्यला,” पियूष म्हणाला, “तोबी?”

क्लचची गोष्ट मारेगावात पोरासोरांना पाठ होती. तेरा सालच्या भीमजयंतीला पिवळी मिरवणुकीच्या पुढं होती. ताशांच्या तालावर, माणसाच्या पावलानं, पहिल्या गिअरमध्ये, चार तास. तीनशेच्या वेगानं धावायला जन्मलेली गाडी एवढा वेळ मुंगीसारखी चालवली की काय होतं, ते बसस्टँडच्या चौकात कळलं. धूर निघाला, जळका वास सुटला आणि पिवळी थांबली. पण तीस पोरांनी ती हातांनी ढकलत पुतळ्यापर्यंत नेली. मिरवणुकीतून बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीनं फोनवर क्लचचा जो आकडा सांगितला तो ऐकून संघदीप जेवला नाही, आणि भीमराजांनी मफलर बांधला.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सत्यभामाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून तोवर निवृत्त झाल्या होत्या. मराठी शाळेच्या बाईंना येतं तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. गाडीसोबत आलेलं चारशे पानांचं पुस्तक त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन सात महिन्यांत मराठीत उतरवलं. शब्द त्यांचे, अर्थ त्यांचा. “इथं असं म्हणते की बोल्ट एकसारखे नाही, आमनेसामने आवळाचे,” त्या म्हणायच्या, आणि भीमराज म्हणायचे, “ते मले माहीत हाये, पुढचं सांग.” लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती तेव्हा दोघं पहिल्यांदा एका बाकावर बसले. शारजातल्या एका मित्राकडून संघदीपनं क्लच मागवला, भीमराजांनी गठाणी उचलायच्या चेनपुलीनं गिअरबॉक्स उतरवला, आणि काम काढल्यापासून नवव्या दिवशी पिवळी वणी रोडला गेली आणि आली.

“वह्या दाखवू काय?” सत्यभामाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आणल्याही. अकरा वह्या, तपकिरी कागदाची कव्हरं. पियूषनं एक उघडली. सुबक अक्षरात तेल कधी बदललं, कोणतं घातलं, कोणता बोल्ट किती आवळला. त्यानं ती दोन्ही हातांनी परत दिली.

“खालून पाहू का एकदा?” तो म्हणाला.

ट्रकांसाठी आवारात खड्डा होता. पिवळी त्यावर आणली, पियूष पांढऱ्या बुटांनिशी खाली उतरला. बराच वेळ टॉर्चचा उजेड इकडंतिकडं फिरला आणि एका जागी थांबला.

“काकाजी, गिअरबॉक्सच्या झाकणावर हे चारशे सतरा काय लिहिलं?”

“लिहिलं नाई, पंचनं ठोकलं,” भीमराज खड्ड्याच्या काठावर वाकून आनंदानं म्हणाले. “माह्या बिल्ला नंबर. आमच्या उस्तादची शिस्त होती. जे आपण बसवलं त्याच्यावर आपला नंबर ठोकाचा. उद्या गाडी कुठी अडली तं कोणाले हाक माराची ते कळलं पाह्यजे. तिकडून पाह्य, इंजिनच्या कव्हरावरबी हाये. आन् ब्रेकच्या दोन्ही बाजूनं.”

टॉर्चचा उजेड आधी इंजिनकडं गेला, मग दोन्ही ब्रेककडं. मग पियूष वर आला आणि काठावरच बसला.

वऱ्हांड्यात खुर्च्या टाकल्या. चहा आला. पियूषनं तो हातात नुसताच धरून ठेवला.

“मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका,” तो म्हणाला. “ही गाडी आहे तशी मी अठ्ठेचाळीस लाखाले घेतो.”

“सव्वा कोटीची?” मथुराबाई ओरडल्या. “सात वर्षांत? म्हैसबी इतकी नाई उतरत!”

“आत्या, म्हैस दूध देते. ही पेट्रोल पेते.” पियूष हसला, पण कुणी हसलं नाही, तेव्हा तो सरळ बसला. “पाहा, नवी गाडी शोरूमच्या बाहेर आली की चौथा हिस्सा तिथंच गेला. मंग कंपनी नवं मॉडेल काढते, जुनीचा भाव अजून पडते. वॉरंटी सरते. ज्याच्यापाशी खरंच पैसा आहे तो नवीच घेते, दुसऱ्याची उतरलेली घेत नाही. ज्याले जुनी परवडते तो मेंटेनन्सले भेते, कारण एका क्लचमध्ये त्याची साधी गाडी येते. त्यात ही तिसऱ्या मालकाकडे जाणार. आपल्या रस्त्यावर हिचं पोट घासते. सगळ्या विदर्भात हिले घेणारे मोजून दहा माणसं, त्यातल्या सहायले पिवळा रंग नको.”

“हे सगळं तं घरून निघतानाबी तुमाले माहीत होतं,” पायल म्हणाली. सरकारी कचेरीत बसून तिला माणसाच्या बोलण्यातली गाळलेली जागा बरोबर सापडायची. “फोनवर तुम्ही दादाले अडुसष्ट म्हणले होते.”

“म्हणलो होतो. तेव्हा मले वाटलं कंपनीचं सर्व्हिसबुक असन.” तो भीमराजांकडं वळला. “काकाजी, तुमच्या कामात खोट नाही. गाडी एकदम ठणठणीत आहे. पण कागदावर ती बिमार आहे. मुंबई-हैदराबादचा गिऱ्हाईक पहिले कंपनीचे शिक्के पाहते. शिक्का नाही म्हणजे त्याच्यासाठी गाडी कोणी खोलली, काय केलं, काहीच भरवसा नाही. आणि वरतून पार्टावर नंबर ठोकलेला! त्याले वाटन चोरीचा माल आहे.”

भीमराजांना हे आधी गमतीचं वाटलं होतं. आता त्यांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागं काही उरलं नाही. सत्यभामाबाईंना ते पाहवलं नाही.

“म्हणजे,” भीमराजांनी हळू विचारलं, “म्या हात लावला म्हणून वीस लाख गेले?”

“एक रस्ता आहे,” पियूष म्हणाला. आवाज त्यानं आपोआपच खाली आणला. “माह्या ओळखीचा एक माणूस आहे, तो कोरं सर्व्हिसबुक भरून देते. शिक्के, तारखा, सगळं जुनं दिसन. ते नंबर ग्राइंडरनं घासून टाकाचे, वरून पॉलिश. वह्या घरीच राहू द्या, कोणाले सांगू नका. एवढं झालं तर आजच्या आज अडुसष्ट. घासाचं काम पंधरा मिनिटांचं.”

वऱ्हांड्यात सगळे एकदम बोलायला लागले आणि सत्यभामाबाईंनी पाहिलं की सकाळपासूनची माणसं खुर्च्या बदलल्यासारखी उलटी बसली होती. जेवढे येतील तेवढ्यात विका म्हणणारी पायल उभी राहिली होती. “खोटे शिक्के? मी रोज असे कागद पकडतो आणि घरी तेच करू? विकू नका. पडू द्या शेडमध्ये.” आणि विकायचीच कशाला म्हणणाऱ्या मथुराबाई तिला हात धरून खाली बसवत होत्या. “अवो पोरी, नंबर घासला तं काय भीमा घासल्या जाते? माणूस तं घरीच हाये ना. बावीस चुली पेटतीन त्या वीस लाखात. आमचे बाबा असते तं त्यायनंबी हेच म्हणलं असतं.”

“आजोबायचं नाव कोणी घेत नव्हतं म्हणून बाबायचंबी पुसाचं काय?” पायलनं विचारलं.

मथुराबाईंनी तिचा हात सोडला. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला खोडता येईना. झाडाखाली किसनसिंग फिटर बसला होता, त्याच्या शेजारी जमनी सरकी चाळायची टोपली उपडी घालून बसली होती. पिवळी विकली जाते की नाही याकडं त्यांचेही कान होते.

राहिला संघदीप. अडतीस वर्षांचा बाप्या, बावीस माणसांचा मालक, आणि तो फरशीकडं पाहत बसला होता. आईला लेकाचं मौन वाचता येतं. त्याला नाही म्हणायचं नव्हतं, आणि हो म्हणायची हिंमत नव्हती.

तेव्हा भीमराज उठले. “एवढं काय त्याच्यात,” ते म्हणाले. “म्याच ठोकला, म्याच घासतो. दुसऱ्यानं घासला तं झाकणाले खड्डे पाडन.” ते शेडमध्ये गेले, ग्राइंडर घेऊन आले, वायर ओढत खड्ड्यापर्यंत गेले आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले. जाताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. सत्यभामाबाईंकडं तर मुळीच नाही.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा त्यांना आठवला. सुटीच्या दिवशी हा माणूस त्यांना फिरायला म्हणून वर्कशॉपात घेऊन गेला होता. नवी नवरी, हिरवं लुगडं, आणि त्यानं त्यांना एका बसखाली वाकायला लावलं. टॉर्च मारून स्प्रिंगच्या पाट्यावरचा आकडा दाखवला. “हे माह्यं,” तो म्हणाला होता. ती बस त्या दिवशी कुठं जाणार होती, किती माणसं बसणार होती, हेही त्यानं सांगितलं. त्याच्याजवळ तेव्हा दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि सत्यभामाबाईंना दुसरं काही पाहायचंही नव्हतं. त्या दिवशी घरी येताना त्या भर रस्त्यानं नवऱ्याच्या बरोबरीनं चालल्या होत्या, मागून नाही.

खड्ड्यात ग्राइंडर सुरू झाला. चाक अजून धातूला लागलं नव्हतं, मोकळंच फिरत होतं.

सत्यभामाबाई ताडकन उठल्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी इतक्या वेगानं त्या शेवटच्या कधी चालल्या होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेडच्या भिंतीवरच्या बोर्डातून त्यांनी प्लग उपटला, वायर हाताला गुंडाळली आणि तशाच वऱ्हांड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“संघदीप, उभा राह्य.”

तो शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

“गाडी तुह्या नावानं हाये. हो म्हणाचं असन तं हो म्हण, नाई म्हणाचं असन तं नाई म्हण. बापाच्या आडून हो म्हणू नको. त्यायले खड्ड्यात उतरवून तू इथं चहा पिऊन राह्यला?”

“आई, बावीस माणसं...”

“माहीत हाये मले. त्यायच्यासाठी करून राह्यला म्हणूनच म्या सकाळपासून तोंड उघडलं नाई. त्यायच्यासाठी घर विक म्हण, मी चावी आणून देतो. पण तुह्या बापानं या गाडीचा एकएक बोल्ट जबाबदारीनं आवळला आन् सही केली. ती सही पुसून तिथं कोण्या न पाहिलेल्या माणसाचा खोटा शिक्का लावाचा? तेहतीस वर्षं मी पोरायले शिकवलं, ज्यानं गणित सोडवलं त्याचंच नाव वहीवर पाह्यजे. आन् आता घरातच कॉपी करू देऊ?”

खड्ड्यातून भीमराजांचा आवाज आला. “लाइट गेली काय?”

“मी घालवली!” त्या ओरडल्या. “तिथंच थांबा.”

झाडाखाली कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. संघदीपनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यानं मान वर केली तेव्हा सत्यभामाबाईंना सात वर्षांपूर्वीचा हवेतला पोरगा त्याच्यात दिसला नाही. ते बरंच झालं.

“पियूषभाऊ,” तो म्हणाला, “अठ्ठेचाळीस. आहे तशी.”

“दादा, नीट विचार करा. वीस लाख...”

“विचार करूनच राह्यलो. मले गाडीचा भाव पडाचं खरं कारण आज समजलं. ही गाडी घेणारा भेते काहून, तं दुरुस्त करणारा कुठी भेटत नाई म्हणून. आन् माह्या घरी तो असताना म्याच त्याले लपवून राह्यलो.” तो आईकडं वळला. “नवी घाणी नाई घेत. जुनी घेतो. अकोल्याकडे बंद पडलेल्या घाण्या भंगारच्या भावानं जाऊन राह्यल्या. बाबा चालू करतीन.”

“तीस लाखात चालू करून देतो,” खड्ड्यातून उत्तर आलं. “आन् लाइट लावा, अंधार हाये इथं.”

मथुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भावजयीला म्हणाल्या, “तू बाई मास्तरीणच राह्यली.” ही तक्रार नव्हती. पायल भावाजवळ जाऊन उभी राहिली होती, आणि ही गोष्ट या घरात मागच्या सात वर्षांत घडली नव्हती.

पियूषनं कागद काढले. छापील करार इंग्रजीत होता. सत्यभामाबाईंनी तो सगळा वाचला, दोन ठिकाणी अर्थ विचारला, आणि खालच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या पेननं मराठीत लिहिलं: सदर गाडीची सन २०१३ पासूनची सर्व दुरुस्ती व देखभाल श्री. भीमराज डोमाजी नगराळे, मारेगाव यांनी केली असून तिच्या पार्टांवर त्यांचा नंबर आहे. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आवाज झाडापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. सासऱ्यांचं नाव त्यांनी जरा सावकाश उच्चारलं. पियूषनं सही केली आणि अकरा वह्याही मागून घेतल्या. त्या द्यायला सत्यभामाबाईंचं मन तयार होत नव्हतं, पण गाडीची वस्तू गाडीबरोबर जावी म्हणून दिल्या.

पिवळी ट्रॉलीवर चढवायचं काम भीमराजांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पट्टे त्यांनीच आवळले, आमनेसामने. तोवर सगळं आवार जमा झालं होतं. पियूष ट्रॉलीच्या केबिनपाशी जाऊन परत आला. चारचौघांसमोर कसं विचारावं हे त्याला समजत नव्हतं, असं दिसत होतं.

“काकाजी, माह्याकडे नागपूरले अशा तीन गाड्या उभ्या आहेत. दोघींचा क्लच गेला, एकीचा गिअर अडकते. मुंबईले पाठवलं तर गाडीपेक्षा खर्च जास्त. दीड वर्षापासून धूळ खाऊन राह्यल्या. तुम्ही याल का? जाण्यायेण्याचं, राहण्याचं मी पाहतो. तुम्ही म्हणाल ते देईन.”

भीमराजांनी बायकोकडं पाहिलं. तिनं मुद्दामच तोंड दुसरीकडं वळवलं, कारण हसू आवरत नव्हतं.

“येतो ना,” ते म्हणाले. “काहून नाई येणार?”

“फक्त एक आहे काकाजी.” पियूषनं हात जोडले. “ते नंबर ठोकू नका.”

“मंग दुसरा पाहा,” भीमराज म्हणाले आणि हात पुसायला लागले.

ट्रॉली निघाली. फाटकापर्यंत गेली, वळणावर पोहोचली आणि थांबली. पियूष खाली उतरून चालत परत आला, पांढरे बूट एव्हाना काळे झाले होते.

“बरं काकाजी, ठोका,” तो म्हणाला. “पण जरा बारीक ठोकाल का?”

भीमराजांनी मफलर सोडला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

“बापू,” ते म्हणाले, “माह्यापाशी पंच एकाच साइजचा हाये.”